मोसंबीची साल

ज्या माणसानं जन्मात कधी वॉटर पेपर हातात धरलेला नाही, त्याला दुसऱ्याच्या गाडीवरचा रंगाचा ओघळ वीस फुटांवरून दिसतो. अशी दृष्टी निसर्गानं दोघांनाच दिली आहे, एक घारीला आणि दुसरी शेजाऱ्याला. घार निदान उंदीर तरी उचलून नेते. शेजारी काहीच उचलत नाही, तो फक्त बोट ठेवतो. तेही हवेत नाही. नेमकं त्या ओघळावर, पुरत्या न वाळलेल्या रंगावर बोट टेकवून तो विचारतो, "इथं काय झालं हो?"

"इथं आता तुमचा अंगठा झाला, सही तेवढी राहिली," असं उत्तर माझ्या अगदी ओठावर येतं. पण बँकेच्या काउंटरवर वीस-बावीस वर्षं काढलेल्या माणसाचे ओठ आतून कुलूप लावल्यासारखे असतात. तिथं बोलता येत नाही म्हणून इथं लिहितो आहे.

आमची गाडी मारुती आठशे. वडिलांनी २००९ साली, निवृत्तीचे पैसे हातात आल्यावर घेतलेली. नंबर एमएच-२१, म्हणजे अस्सल जालन्याची. या जातीची पहिली गाडी डिसेंबर १९८३ मध्ये गिऱ्हाइकाच्या हातात पडली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन बंद झालं. म्हणजे आमच्या गाडीला आता नवं भावंड होणे नाही. रंग पांढरा. कंपनी त्याला ‘सुपिरियर व्हाइट’ म्हणते. पण पंधरा वर्षं जालन्याचं ऊन खाल्ल्यावर त्यातलं ‘सुपिरियर’ उडून जातं आणि नुसतं ‘व्हाइट’ही धड उरत नाही. टपावर खडूसारखी भुकटी हाताला लागायला लागली, चाकांच्या कमानींना गंज धरला आणि २०२४ मध्ये पुनर्नोंदणीचं वर्ष येऊन ठेपलं. या नोंदणीची फी पूर्वी सहाशे रुपये होती, ती १ एप्रिल २०२२ पासून पाच हजार झाली. वर पर्यावरण कर आहेच. एवढे पैसे भरायचे तर गाडी आरटीओसमोर जरा बऱ्या कपड्यांत उभी करावी, असं घरात ठरलं.

एका गॅरेजवाल्यानं अख्ख्या गाडीच्या रंगाचे चाळीस हजार सांगितले. गाडीची बाजारातली किंमत तेवढीच, किंबहुना थोडी कमी. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. मालमत्तेच्या किमतीएवढा खर्च तिच्या रंगावर करावा, हे कोणत्याही लेखाशास्त्रात बसत नाही. शेवटी जुन्या जालन्यातल्या एका उस्तादांकडून कंप्रेसर आणि गन भाड्यानं घेतली, त्यांच्याकडूनच चार रविवार शिकवणी घेतली आणि जानेवारीतल्या एका सकाळी अंगणात, स्वतःच्या हातानं, गाडीला रंग मारला.

आता मूळ मुद्दा. घरी मारलेल्या रंगात दोष राहतात. राहतातच. वाद त्याबद्दल नाहीच. वाद आहे तो त्या दोषाकडं बघण्याच्या आपल्या नजरेबद्दल. आपल्या लोकांना ओघळ दिसला की निकाल दिल्यासारखं वाटतं: "बघा, नाही ना जमलं!" अहो, ओघळ म्हणजे निकाल नव्हे, ते शिल्लक राहिलेलं काम आहे. संध्याकाळी कॅश मोजल्यावर दहा रुपयांचा फरक आला तर आम्ही बँकेला कुलूप लावून घरी जात नाही. बसतो, शोधतो, काढतो. रंगाचं तेच.

दोष नाही असा रंग नसतो, हे कुणाला खोटं वाटत असेल तर त्यानं कुठल्याही शोरूममध्ये जावं. दहा लाखांच्या कोऱ्या गाडीच्या दाराजवळ वाकून वरच्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघावं. ते सरळ दिसत नाही, बारीक बारीक थरथरतं. कारण रंगाचा पृष्ठभाग काचेसारखा सपाट नसून फळाच्या सालीसारखा खळग्याखळग्यांचा असतो. इंग्रज याला संत्र्याची साल म्हणतो. जालन्यात बसून आपण संत्र्याची साल कशाला म्हणायचं? आपल्याकडं मोसंबी आहे, भौगोलिक मानांकन मिळालेली आहे आणि गंमत म्हणजे सरकारी कागदात तिचं नावही ‘जालना स्वीट ऑरेंज’ असंच आहे. तेव्हा इंग्रज पेंटरही बोलतो ते आमच्याच फळाबद्दल, असं मी धरून चालतो. गनमधून उडालेले थेंब पत्र्यावर पडल्यावर एकमेकांत मिसळून सपाट व्हायच्या आतच वाळले की साल तयार होते. थिनर कमी पडलं, हवेचा दाब कमी पडला, गन लांब धरली किंवा ऊन चढलं, यांतलं काहीही पुरतं. कारखान्यात यंत्रमानव रंग मारतात, हवा गाळून घेतलेली असते, तापमान ठरलेलं असतं, आणि तरीही साल येते. तीच साल शोरूममध्ये आली की ‘कंपनी फिनिश’, आणि माझ्या अंगणात आली की "हे काय कोंबडीच्या कातड्यासारखं झालंय?"

हे वाक्य आमच्या हेड कॅशियरांचं. माणूस सज्जन आहे, पण कोंबडी खात नाही. तेव्हा ही उपमा त्यांना सुचली कशी, हे मला अजून उलगडलेलं नाही.

अंगणात तर काय काय येऊन बसतं! जालना हे सळ्यांचं गाव, बियाण्यांचं गाव आणि थंडीत कापसाचंही गाव. जानेवारीत जिनिंगकडं जाणारी एक गाडी गल्लीतून गेली की कापसाचे तंतू अर्धा तास हवेत तरंगत असतात आणि ओला पांढरा रंग दिसला की माहेरी आल्यासारखे येऊन टेकतात. धुळीचे कण तर विचारूच नका. संक्रांतीचे दिवस, गच्चीगच्चीवर पोरं; एक कटलेला पतंग बरोबर बॉनेटवर उतरला. त्याची शेपूट कुठं लागली होती ते मी आजही डोळे मिटून दाखवू शकतो. पण डोळे उघडून तुम्ही दाखवू शकणार नाही, कारण ती जागा आता दिसत नाही. का दिसत नाही, तेच सांगायचं आहे.

पहिली गोष्ट म्हणजे थांबायचं, आणि नेमकं हेच आपल्या लोकांना जमत नाही. मी मारला तो एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोजचा लॅकर. आपल्याकडं जुने लोक गाडीच्या रंगाला सरसकट ‘ड्युको’ म्हणतात, तो मूळचा हाच. अमेरिकेत १९२४ साली ड्युपाँ कंपनीचा हा रंग गाड्यांवर आला. त्याआधी एकेक गाडी रंगवायला आणि वाळवायला आठवडेच्या आठवडे जात. फोर्डसाहेबांनी १९१४ ते १९२५ पर्यंत मॉडेल टी फक्त काळ्या रंगात विकली, ती उगाच नाही. नायट्रोसेल्युलोज हे घराणंच जहाल. तोफेचा कापूस याच घराण्यातला, आणि दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ काढला तेव्हाची फिल्मही याच भावकीतली. म्हणून हा रंग मारताना जवळपास बिडी, शेगडी, ठिणगी काही चालत नाही. पण त्याचा एक मोठा गुण आहे. तो केवळ थिनर उडून वाळतो, आणि वाळल्यावर घासून पुन्हा सपाट करता येतो. ड्युकोच्या पहिल्या काळातही गनमधून आलेला रंग जरा मंदच दिसे. चकाकी यायची ती नंतर घासून आणि पॉलिश करून. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीसुद्धा अर्धं काम गनचं होतं आणि अर्धं हाताचं. हा इतिहास आमच्या हेड कॅशियरांना मी जेवणाच्या सुट्टीत सांगितला. त्यांनी लोणच्याची फोड मागितली.

तर थांबणं. रंग तासाभरात हाताला कोरडा लागतो, पण आतलं थिनर हळूहळू, दिवसेंदिवस बाहेर पडत असतं. ते पुरतं उडायच्या आत घासून चकचकीत केलं की पंधरा दिवसांनी रंग आणखी आक्रसतो, चकाकी मरते आणि खालचे घासल्याचे ओरखडे वर येऊन उभे राहतात. उस्तादांनी मला बजावून सांगितलं होतं, "साब, ये पेंट है, चपाती नहीं. पलटाने की जल्दी मत करो. इसकू सोने दो." ते सोनं थंडीत तीन आठवड्यांचं. मला हे लगेच पटलं, कारण हा मुदत ठेवीचा हिशेब आहे. मुदतीआधी ठेव मोडली की व्याज कापलं जातं, हे मी रोज चार जणांना समजावतो. चारही जण मान डोलावतात आणि म्हणतात, "तरी मोडाच."

या तीन आठवड्यांत घरासमोरून गेलेल्या प्रत्येकानं आपापलं औषध सुचवलं. एकानं टूथपेस्ट सांगितली, त्यानं म्हणे मोबाइलवर पाहिलं होतं. टूथपेस्टमध्ये बारीक खर असते, त्यामुळं अगदी वरवरचा चरा थोडा पुसट होतो, इथवर ठीक. पण ओघळ म्हणजे दातावरचा पिवळेपणा नव्हे. पूर्ण वाढलेला ओघळ टूथपेस्टनं काढायचा तर आमच्या गल्लीला वर्षभर दात घासता आले नसते. दुसऱ्यानं सांगितलं, "त्यावर ‘आई-वडिलांचा आशीर्वाद’ लावून टाका." हा उपाय महाराष्ट्रात किती खोल रुजला आहे, ते बसस्टँडसमोर उभं राहून बघावं, कितीतरी गाड्यांवर आशीर्वाद नेमका डेंटिंगच्या जागी तिरपा लावलेला असतो. तिसऱ्यानं मात्र हद्द केली. चमक यावी म्हणून सिलिकॉनचं पॉलिश घेऊन तो स्वतःच हजर झाला. त्याला मी फाटकातच अडवला. सिलिकॉनचा अंश पत्र्यावर राहिला की पुढचा रंग त्या जागी धरत नाही, गोल गोल डोळे पडतात. माशाचे डोळे म्हणतात त्यांना. हा एकच दोष असा की तो नुसता घासून जात नाही. धुऊन, घासून, पुन्हा रंगच मारावा लागतो. पाहुण्यानं हौसेनं डोक्याला लावलेलं तेलसुद्धा तेवढं नुकसान करू शकतं.

बाकीचे दोष मात्र घासून जातात, आणि ते घासणं हे काम आहे, करमणूक नव्हे. ओघळ आधी काढायचा. त्याच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावायचा, म्हणजे आजूबाजूचा चांगला रंग कापला जात नाही, आणि मग लाकडी ठोकळ्याला बाराशे नंबरचा कागद लावून फक्त तो उंचवटा उतरवायचा. बोटांनी घासलं तर बोटांचेच खळगे पडतात. टेपच्या पातळीला आलं की टेप काढायचा आणि पुढं पंधराशे, मग दोन हजार. कागद आधी पाण्यात भिजत घातलेला, पाण्यात साबणाचे चार थेंब. घासायचं सरळ रेषेत. गोल गोल घासतात ते पुढं आयुष्यभर उन्हात गोल गोल रेघा बघतात. मधूनमधून सायकलच्या ट्यूबचा तुकडा फिरवून पाणी निपटायचं आणि तिरप्या उजेडात बघायचं. जिथं अंधूक झालं तिथं सपाट झालं, जिथं अजून चमकतंय तो खळगा. सगळा पत्रा एकसारखा अंधूक झाला म्हणजे साल उतरली. अंधूक गाडी बघून बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. "होती तीच बरी होती हो," म्हणाली. हा क्षण प्रत्येकाच्या घरी येतो. इथं खचून जे गॅरेजला फोन करतात, ते काठाशी येऊन बुडतात.

किती घासायचं, हाच खरा प्रश्न, आणि इथं माझी नोकरी कामी आली. कारखान्यातून आलेल्या गाडीवर अस्तरासकट सगळे थर मिळून साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉन असतात. डोक्याचा एक केस सत्तर-ऐंशी मायक्रॉनचा धरा, म्हणजे दोन केसांएवढी एकूण शिल्लक. प्रत्येक घासणं म्हणजे खात्यातून रक्कम काढणं. या खात्याला ओव्हरड्राफ्टची सोय नाही. पांढरं पाणी वाहतंय तोवर काळजी नसते, तो आपलाच रंग. पाण्यात राखाडी झाक दिसली की प्राइमर आला, हात जागच्या जागी थांबवायचा. दाराच्या कडा, बॉनेटवरच्या उभ्या रेषा, जिथं जिथं पत्रा वळतो तिथं रंग मुळात पातळ बसतो. तिथं आधीच टेप लावून ठेवायचा आणि ठोकळा फिरकूही द्यायचा नाही. धुळीचा एखादा कण फार खोल असला तर तो तसाच राहू द्यावा. दहा रुपयांच्या फरकासाठी सगळी लेजरं पुन्हा लिहीत नाहीत.

पण या सगळ्याला पाणी लागतं. आणि जालन्यात पाणी लागतं असं नुसतं म्हटलं तरी माणूस आधी इकडंतिकडं बघतो. हे निजामाच्या काळातल्या घाणेवाडीच्या तलावाकडं आशेनं बघत वाढलेलं गाव. २०१२-१३ चा दुष्काळ ज्यांनी इथं काढला त्यांना अजून टँकरचा हॉर्न झोपेत ऐकू येतो. पैठणहून जायकवाडीचं पाणी येतं, पण नळाला ते रोज येतं असं इथला कुणी म्हणणार नाही. अशा गावात गाडीवर बादल्या ओतणारा माणूस गुन्हेगारच दिसणार, आणि तो आरोप मी आनंदानं मान्य केला असता, जर तो खरा असता तर. मी वापरलं ते घरातल्या फिल्टरनं टाकून दिलेलं पाणी, रोजचं साठवून. एक बादली कागद भिजवायला, एक कागदातली मळी झटकायला, आणि शेवटी पुसायला एक तांब्या चांगलं. या दोन बादल्यांवर फरशी पुसण्याचा हक्क आधीपासून होता. त्यावर घरात जी बोलणी झाली ती आंतरराज्य पाणीतंटा लवादासमोर शोभली असती. तडजोड अशी निघाली की रविवारी फरशी मी पुसायची.

घासून झाल्यावर रबिंग कंपाउंड, जुन्या बनियनच्या कपड्यानं, एका वेळी हातभर जागा. खांदा भरून येतो. आणि मग एका घटकेला, अंधूक पांढऱ्यातून गच्चीवरच्या दोरीवरचे कपडे दिसायला लागतात. आधी धूसर, मग साडीची किनार. ट्यूबलाइट सरळ दिसते. शोरूममधल्यापेक्षा सरळ.

एवढं झाल्यावर टीका थांबावी की नाही? तिनं फक्त कूस बदलली. आता हेड कॅशियर म्हणाले, "ठीक आहे, पण तुमच्या वेळेची किंमत धरलीत का? सहा रविवार गेले." हा युक्तिवाद करणारे लोक मला मोठे गमतीचे वाटतात. त्यांच्या रविवारचा ताळेबंद मला ठाऊक आहे. सकाळी पेपर, दुपारी झोप, संध्याकाळी मोबाइल, आणि रात्री "रविवार कसा गेला कळलंच नाही." त्या वेळेला किंमत नसते. ती मी ठोकळा हातात घेतला की एकदम फुटते.

खरं दुखणं निराळंच आहे, आणि ते एका मोठ्या साहेबांनी जाता जाता बोलून दाखवलं. "अहो, आपल्यासारख्यांनी हात काळे करायचे म्हणजे…" वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. ‘आपल्यासारख्यांनी’ या शब्दातच ते पुरं झालं होतं. पत्रा घासणं हे कुणीतरी दुसऱ्यानं करायचं काम. त्या दुसऱ्याचं नाव आपल्याला माहीत नसतं, त्याला आपण ‘ए बाबा’ म्हणतो. आपल्या घरात मुलगा पदवीधर झाला की पहिली गोष्ट त्याच्या हातातून पान्हा काढून घेतली जाते. वडील शिक्षक होते, तरी पंक्चर स्वतः काढत. शाळेतले काही सहकारी त्यांना हसत. ते हसणं तेव्हा माझ्या कानावर आलं होतं आणि ते मी अजून विसरलेलो नाही.

एक आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेतो, कारण तो एका शहाण्या माणसानं घेतला. तुम्ही घरी रंग मारलात, म्हणजे एका कारागिराची पंधरा दिवसांची मजुरी बुडवलीत. खरं आहे. कंप्रेसरचं भाडं आणि शिकवणीचे पैसे दिले तरी ते पूर्ण कामाएवढे होत नाहीत. पण मला विचाराल तर कारागिराचं याहून मोठं नुकसान आपण गिऱ्हाईक म्हणून करतो, ते त्याच्या दुकानात उभे राहून. बिलात ‘रबिंग-पॉलिश’ अशी ओळ दिसली की आपण बोट ठेवतो, "हे कशाचं? रंग मारला ना?" जे मूळ काम आहे, ज्यात खांदा मोडतो, ते आपल्याला फुकटात हवं असतं, भाजीवर कोथिंबीर टाकल्यासारखं. सहा रविवार घासल्यावर मला ती ओळ कशाची असते ते कळलं, आणि आता ती कापायला सांगण्याची माझी तरी छाती नाही.

आणि दुसरं नुकसान फुप्फुसाचं. आता गॅरेजांतून एनसी कमी होत चालला आहे, गिऱ्हाइकाला टू-के हवा असतो. दोन डबे, एकात रंग, दुसऱ्यात हार्डनर. रंग दगडासारखा होतो, उन्हाला दाद देत नाही, सगळं खरं. पण त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. फवाऱ्यातून ते श्वासात गेलं की दमा जडू शकतो. आणि एकदा शरीरानं वैर धरलं की पुढं अगदी थोड्याशा वाफेनंही छाती आवळते. वासावरून अंदाज येत नाही. वास यायच्या आधीच ते धोक्याच्या पातळीवर गेलेलं असतं. रुमाल, गमछा, करोनातले उरलेले मास्क, यांतलं काहीही त्याला अडवत नाही. त्याला बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क लागतो आणि वाफ ओढून घेणारी बंद खोली लागते. म्हणून अंगणात टू-के मारायला उस्तादांनीच मला मनाई केली. "घर में बच्चे हैं, पड़ोस है. एनसी मारो, गॅस का मास्क लगाके." मी काडतुसाचा मास्क आणला, एनसीच्या थिनरला तो चालतो. ते स्वतः मात्र पत्र्याच्या शेडमध्ये टू-के मारतात, तोंडाला चौकड्याचा रुमाल बांधून. मी विचारलं तर हसले. पस्तीस वर्षं मारतोय म्हणाले, आणि मग बराच वेळ खोकले.

गाडी पास झाली. साहेबांनी चासिस नंबर पाहिला, दिवे, हॉर्न, ब्रेक पाहिले. रंगाकडं त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांचं ते कामच नव्हे.

त्या आनंदात मी पेढे घेऊन उस्तादांच्या शेडवर गेलो आणि माझा मास्क, नवी काडतुसं घालून, त्यांना दिला. टू-केला तो अपुराच आहे, हेही सांगितलं. निदान प्राइमर आणि एनसीच्या वेळी तरी लावा म्हटलं. परवा पुन्हा जाणं झालं. मास्क खिळ्याला टांगलेला होता आणि तोंडावर रुमाल. म्हटलं, "उस्ताद, हे काय?" म्हणाले, "साब, उसकी कार्ट्रिज खतम हो गई. नई लेनी तो बिल में डालनी पड़ती."

बिल ज्याच्या हातात होतं तो गिऱ्हाईक तिथंच उभा होता. नवी कोरी मोठी गाडी, मागच्या दाराला टचअप. काडतुसांचे पैसे तुम्ही देणार का, असं मी त्याला सरळ विचारलं. तो म्हणाला, "ते त्यांचं त्यांनी बघावं, आपला काय संबंध?" आणि मग खाली वाकून, ओल्या दारावर बोट टेकवून त्यानं उस्तादांना विचारलं, "इथं काय झालं हो?"